नजराण्याची तलवार

"नजराण्याच्या हत्याराला धार लावत न्हाईत, गुरुजी," असं म्हणून दस्तगीरचाचांनी तलवार परत माझ्याकडे सरकवली. "पुसून देतो. आरशागत चकाकी आणून देतो. म्यानाला नवी मखमल लावतो. पर धार न्हाई."

"का बरं?"

"घेणारा पाव्हणा असतो. त्याला हत्याराची सवय न्हाई. धार कुटल्या अंगाला हाय, त्याला काय म्हाईत? उगं कुणाला तरी लागंल."

मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक पडवी. मध्ये पायानं फिरवायचं धारेचं चाक, बाजूला तेलाच्या बाटल्या, आणि मागच्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेल्या तलवारी. खंडेनवमी तीन आठवड्यांवर आली होती. पूजेला लागणाऱ्या तलवारी गंज काढायला त्यांच्याकडे येऊन पडल्या होत्या. अकरा होत्या. त्या दिवशी मी मोजल्या नव्हत्या. तो आकडा नंतर सगळ्या गावाला पाठ झाला.

गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. लाज गावाची नाही, माझी आहे. निदान अर्ध्याहून जास्त तरी माझी. तालुक्याचं गाव, एक हायस्कूल, आणि त्या हायस्कूलात मराठी शिकवणारा मी, दिगंबर कवठेकर, वय वर्षं अठ्ठावीस. सदुसष्टच्या निवडणुकीच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. रामेश्वरनाथ सहाय आमच्या गावी यायचे होते. आज हे नाव कुणाला फारसं आठवत नाही, पण तेव्हा दिल्लीत त्यांच्या एका शब्दावर मंत्री होत आणि जात. त्यांच्या हस्ते शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. सत्कार समितीचा चिटणीस मी. मानपत्रही मीच लिहिलं होतं, आणि त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यात असं शिरलं होतं की जेवताना, आंघोळ करताना मी ते म्हणत असे.

"ऐका चाचा," मी म्हणालो, आणि भर रस्त्यात उभं राहून म्हणून दाखवलं. "शोभेची नव्हे, धारेची तलवार आज आम्ही आपल्या हाती देत आहोत."

दस्तगीरचाचांनी मान डोलावली. पन्नाशीचे असतील. उजव्या हाताचा अंगठा रुंद आणि गुळगुळीत झालेला. धार कितपत लागली हे ते त्या अंगठ्यानंच बघत. पात्यावरून आडवा फिरवत, आणि कधी कापत नसे.

"झ्याक लिवलंय," ते म्हणाले. "लिवलंय ते लिवलंय. तपासायला कोण येतंय?"

"मी खोटं लिहीत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी खरोखर उच्चारलं होतं. इतक्या वर्षांत ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगताना माझंच हसू मला आवरलं नसतं.

चाचांनी तलवार मांडीवर घेतली. "तुमी शिकल्यालं मानूस. तुमी म्हनता तर लावतो. पर एक करा. पाव्हण्याच्या हातात देताना तुमी सोता बाजूला उभं ऱ्हावा. म्यानातनं काढायच्या आदी सांगा, साहेब, धार हाय, जपून. एवडं कराल का?"

"करीन. माझी जबाबदारी."

"बगा बरं."

"आणि हे आत्ता कुणाला बोलू नका. समारंभात कळू दे सगळ्यांना एकदम."

यावर ते मनापासून हसले. "शिकलगाराला हे सांगाय लागत न्हाई, गुरुजी. हत्यार कुणी आनलं, कशापायी आनलं, काय करून घेतलं, आमी कुणाला सांगत न्हाई. माझा बा सांगत नव्हता, त्याचा बा सांगत नव्हता. ह्या भितीवरल्या कुणाच्या हायत, इचारून बगा मला."

"कुणाच्या आहेत?" मी गंमतीनं विचारलं.

"तलवारी हायत," ते म्हणाले आणि चाकावर पाय ठेवला.

समारंभाच्या दिवशी पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात कसला सत्कार करता, म्हणून म्हातारी माणसं कुरकुरत होती. पण दिल्लीचा माणूस पंचांग बघून येत नाही. शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. मी नवी टोपी घातली होती आणि कुमुदनं, माझ्या बायकोनं, माझ्या सदऱ्याला इतकी खळ घातली होती की मान वळवली तरी तो कुरकुर वाजायचा. लग्नाला पाचच महिने झाले होते. ती बायकांच्या रांगेत पहिलीच बसली होती, आणि मी व्यासपीठावर कुठं उभा राहणार हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

सहायजी दिसायला अगदी साधे होते. ठेंगणे, पोट सुटलेलं, चष्मा लावलेले. आमच्या संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब शेडगे यांनी त्यांना फेटा बांधला. फेटा बांधताना सहायजी लग्नातल्या नवऱ्यामुलासारखे डोळे मिटून बसले होते. मग तात्यासाहेबांनी तलवार उचलली. ती त्यांच्याच घरातली, आजोबांच्या वेळची. तांबड्या मखमलीचं नवं म्यान, मुठीला जरीचा गोंडा.

ठरल्याप्रमाणे मी सहायजींच्या डाव्या हाताला दोन पावलांवर होतो. मी वाकून सांगायचं होतं, साहेब, धार आहे. हिंदी वाक्य मी तयार करून ठेवलं होतं.

त्याच वेळी कोल्हापूरहून आणलेला फोटोग्राफर समोर येऊन म्हणाला, "सगळे जरा जवळ या. टोपीवाले मास्तर, तुम्ही फ्रेमच्या बाहेर जाताय."

मी फ्रेममध्ये आलो. टोपी सरळ केली. हनुवटी वर घेतली. कुमुद बघते आहे का, हे पाहिलं. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, तलवार बाहेर काढून दोन्ही हातांत," आणि सहायजींनी ती सर्रकन बाहेर काढून, मूठ उजव्या हातात आणि पातं डाव्या तळहातावर घेऊन, फोटोसाठी वर उचलली.

त्यांनी तळहाताकडे बघितलं. मग शांतपणे, नवल वाटल्यासारखं म्हणाले, "अरे, यह तो सचमुच की तलवार है."

रक्त कोपरापर्यंत आलं होतं. तात्यासाहेबांनी फेट्याचा शेमला ओढून त्यांच्या हाताला गुंडाळला, डॉक्टर धावले, पुढच्या रांगेतले लोक उठले, ते का उठले म्हणून मागचे उठले, आणि पाच मिनिटांत मैदान मोकळं झालं. मानपत्र माझ्या खिशात तसंच राहिलं.

तेवढ्यावर भागलं असतं. हात कापला, टाके पडले, माणूस दिल्लीला गेला, एवढीच बातमी झाली असती. पण सहायजींना साखरेचा आजार होता. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी त्यांना सडकून ताप भरला, हात सुजला, आणि कुठल्याशा डॉक्टरनं पात्याला काही लावलं होतं का अशी शंका काढली. पात्याला काहीतरी लावलेलं होतंच. वास येत होता. तिसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत छापून आलं, 'सहायजींच्या हत्येचा कट? विषारी शस्त्राचा प्रयोग.' प्रश्नचिन्ह बारीक होतं. चौथ्या दिवशी तेही गेलं.

पोलीस शिकलगार गल्लीत शिरले तेव्हा त्यांना भिंतीवर अकरा तलवारी मिळाल्या. दोन बाटल्यांत तेल मिळालं. आणि चाचांच्या मेहुण्याचं हैदराबादहून आलेलं एक उर्दू पत्र मिळालं. त्यात मुलीच्या लग्नाची तारीख होती, पण ते वाचून दाखवणारा माणूस पोलिसांना चार दिवस सापडला नाही. त्या चार दिवसांत ते पत्र कटाचा मोठा पुरावा होतं.

तात्यासाहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. ओसरीवर झोपाळ्यात बसले होते. बसा म्हणाले नाहीत.

"मास्तर, तलवार आमच्या घरची. पोलीस मला इचारत्यात. मी सांगितलं, मास्तरांकडं दिली हुती. आता तुमी काय सांगनार?"

"साफ करायला दिली होती," मी म्हणालो.

"आन् धार?"

मी गप्प बसलो. तात्यासाहेब खुळे नव्हते. माझं गप्प बसणं त्यांनी बरोबर वाचलं असणार. पण त्यांनी ते वाचल्याचं दाखवलं नाही.

"धार त्यानं आपल्या मनानं लावली असंल," ते झोपाळा हलवत म्हणाले. "कारागीर मानूस, लागतो नादाला. तुमी तसंच लिवून द्या. म्हंजी तुमीबी मोकळं, आमीबी मोकळं. आनी त्या भितीवरल्या अकरा कुणाच्या, असलं काय बोलत बसू नका. परवाना गावात कुणाकडंच न्हाई." जरा थांबून म्हणाले, "तुमच्या कायम नेमणुकीचा ठराव जूनमदी हाय न्हवं?"

त्यांनी मला धमकी दिली असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. त्यांनी फक्त दार उघडून धरलं. आत मी माझ्या पायांनी गेलो. कारण बंगल्यावर येण्याआधीच माझं ठरलेलं होतं. दोन रात्री मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून एकच हिशेब करत होतो. दस्तगीर माझं नाव सांगणार. मार खाल्ला की सांगणारच. कुणीही सांगेल. त्यानं आधी सांगितलं तर मी कटातला माणूस ठरतो. म्हणजे मला आधी बोलायला हवं. विचार करता करता ते दस्तगीरचाचांचे नुसते दस्तगीर कधी झाले, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

फौजदार खोत उंच आणि सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला चहा दिला. समोर मानपत्राची छापील प्रत होती.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"'शोभेची नव्हे, धारेची तलवार.' हे काय?"

"अलंकारिक भाषा आहे साहेब," मी म्हणालो. "मी मराठीचा शिक्षक आहे."

खोतांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही शिकलगाराला नेमकं काय सांगितलंत?"

इथं मी 'फक्त साफ करायला सांगितलं' एवढं बोललो असतो तरी चाललं असतं. तेवढ्यानं माझं काम झालं असतं. पण मला वाटलं, खोटं पक्कं व्हायला हवं. वर्गात निबंध तपासताना मी मुलांना सांगत असे, तपशील द्या, तपशिलानं लेखन जिवंत होतं.

मी म्हणालो, "मी त्याला बजावलं होतं. नजराण्याच्या हत्याराला धार लावत नाहीत. घेणारा पाहुणा असतो, त्याला हत्याराची सवय नसते. उगाच कुणाला तरी लागेल. असं मी त्याला स्पष्ट म्हणालो."

"आणि तरी त्यानं लावली."

"तरी लावली."

खोतांनी लेखणी थांबवली. "तुम्हाला यातलं बरंच कळतं की, मास्तर."

मी चहा प्यालो. त्यांनी जबाब वाचून दाखवला, मी सही केली. माझी सही फार वळणदार आहे. मुलं तिची नक्कल करत.

सही झाल्यावर मी विचारलं. न विचारता उठून गेलो असतो तर बरं झालं असतं, निदान मला कळलं नसतं. पण भीती गेली नव्हती. मी म्हणालो, "त्यानं माझ्याबद्दल काय सांगितलंय?"

"कुणी?"

"शिकलगारानं."

"काही नाही," खोत म्हणाले. "तेच तर दुखणं आहे. तलवार कुणी आणून दिली, धार कुणी लावायला सांगितली, त्या अकरा कुणाच्या, एक अक्षर बोलत नाही. 'आमच्या धंद्यात सांगत न्हाईत' एवढं एकच म्हणतो. तीन दिवस झाले. अकरा मालकांची नावं दिली असती तर शस्त्रसाठ्याचं कलम मी आत्ता काढून टाकलं असतं. तुमचं नाव तर त्यानं घेतलंसुद्धा नाही. तुम्ही तलवार घेऊन गेला होतात हे आम्हाला तात्यासाहेबांकडून कळलं."

ज्या आरोपाला उत्तर म्हणून मी हे सगळं रचलं, तो आरोप कुणी केलाच नव्हता. कुणाला बोलू नका, असं मी त्यांना सांगितलं होतं आणि ते बोलत नव्हते.

खोतांनी माझ्याकडे बघितलं. मला आजही वाटतं, त्या माणसाला सगळं कळलं होतं. त्यांनी जबाबाचा कागद माझ्याकडे अर्धा वळवला. "शाई ओली आहे अजून," ते म्हणाले. "काही बदलायचंय?"

भिंतीवरच्या घड्याळाला काचच नव्हती, काटे उघडे फिरत होते. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणालो.

बाहेर पडलो तेव्हा एक शिपाई दस्तगीरचाचांना हौदावर पाणी प्यायला घेऊन चालला होता. उजव्या हाताला मळकं फडकं गुंडाळलं होतं आणि डाव्या कानाखाली रक्त वाळलेलं होतं. त्यांनी मला बघितलं. मला वाटलं, तोंड फिरवतील. पण त्यांचा चेहरा उजळला. जत्रेत चुकलेल्याला घरचं माणूस दिसावं तसा.

"आलासा, गुरुजी?" ते म्हणाले. "बरं झालं. मी कसं सांगनार हुतो? तुमीच येऊन सांगाया पायजे हुतं."

त्यांना वाटलं, मी खरं सांगून आलो. मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही. मी घरी गेलो आणि कुमुदला म्हणालो, डोकं दुखतंय.

पुढं काय झालं ते चार ओळींचं आहे. सहायजींचा ताप आठ दिवसांत उतरला. प्रयोगशाळेनं कळवलं की पात्याला लावलेलं तेल लवंगेचं आहे, गंज चढू नये म्हणून लावतात. पण तो कागद यायला पाच महिने लागले. माझा जबाब मात्र पहिल्या पानावर होता. शिकल्यासवरल्या माणसानं बजावूनही शिकलगारानं धार लावली, ती कशासाठी, हा प्रश्न त्या जबाबानं उभा केला आणि त्या एका प्रश्नावर चाचा सात महिने आत राहिले. त्या वर्षी खंडेनवमीला अकरा घरांत तलवारीविना पूजा झाली. तात्यासाहेबांनी मोटारीला हार घातला. अकरांपैकी एकही जण पोलिसांत जाऊन 'माझी आहे' म्हणाला नाही. उन्हाळ्यात सहायजींनी स्वतः दिल्लीहून पत्र पाठवलं की हा अपघात होता, आणि खटला मागे घेतला गेला. तोवर निवडणूक होऊन गेली होती. वर्तमानपत्रांनी ते पत्र छापलंही नसेल. जूनमध्ये मी कायम झालो.

गेल्या दिवाळीच्या सुमारास एका तरुण पत्रकाराचा फोन आला. 'विसरला गेलेला एक कट' असं काहीतरी तो लिहीत होता. म्हणाला, "सर, त्या वेळच्या लोकांतले तुम्ही एकटेच उरलात. एक गोष्ट मला कुठंच सापडत नाही. त्या शिकलगाराचा जबाबच नाही. तलवारीला धार लावायला त्याला कुणी सांगितलं होतं का?"

"आठवत नाही," मी म्हणालो. "वय झालं आता."

सत्त्याऐंशीच्या घरात हे उत्तर कुणालाही पटतं. त्यानंच उलट माझी माफी मागितली. फोन ठेवला आणि मला विळीचा दिवस आठवला. खरं म्हणजे आठवायला तो कधी विसरलोच नव्हतो.

चाचा सुटून आल्यानंतरच्या भाद्रपदातली गोष्ट. पडवीतलं दुकान बंद झालं होतं. तलवारी द्यायला त्यांच्याकडे आता कोण जाणार? ते चाक खांद्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरत, कात्र्या आणि विळ्यांना धार लावत. आमच्या गल्लीत आले की मी घरात असलो तरी नसल्यासारखा राहत असे. त्या दिवशी रविवार होता. मी मधल्या खोलीत पेपर तपासत होतो आणि कुमुद विळी घेऊन दारात गेली. तिनं हाक मारून त्यांना बोलावलं होतं.

"बाई, गुरुजी हायत का घरात?" चाचांचा आवाज आला.

"आहेत ना. का हो?"

"त्यास्नी बोलवा."

कुमुद हसली. "विळीतलं त्यांना काय कळतंय? मी सांगते की."

"न्हाई. तेच सांगूद्यात."

मी बाहेर आलो. चाचा ओट्यापाशी चाक मांडून बसले होते. विळी मांडीवर. केस सगळे पांढरे. उजव्या हाताचा अंगठा मी बघितला. तो आता वाकत नव्हता, खुंटीसारखा उभा राहिला होता. ते माझ्याकडे रागानं बघत नव्हते. मी वर्गात एखाद्या मुलाला उत्तर विचारून वाट बघत असे, तसं बघत होते.

"हिला काय करू, गुरुजी?" त्यांनी विचारलं. "नुस्ती पुसून देऊ, का धार लावू? बाई हायत हितं. बाईंच्या समोर सांगा."

कुमुद एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली.

"धार लावा," मी म्हणालो.

"मोट्यानं सांगा. ह्या कानानं आता ऐकू येत न्हाई."

"धार लावा," मी मोठ्यानं म्हणालो. समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या बाईनंही वर बघितलं.

"हां," ते म्हणाले. "आसं."

त्यांनी चाक फिरवलं. विळीवरून ठिणग्या पडत होत्या आणि मी उभाच होतो. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं धार बघायचा प्रयत्न केला. त्या हाताला सवय नव्हती. बारीकसं कापलं. त्यांनी तो अंगठा तोंडात घातला, विळी फडक्यानं पुसली आणि पातं स्वतःकडे ठेवून, विळीचा पाट कुमुदच्या हातात दिला.

"बाई, जपून. धार हाय," ते म्हणाले.

बारा महिन्यांपूर्वी, शाळेच्या मैदानात, एवढेच शब्द मला बोलायचे होते.

कुमुदनं त्यांना सुपातून जोंधळे घातले. त्यांनी ते धोतराच्या सोग्यात बांधले, चाक खांद्यावर घेतलं आणि वळून न बघता गल्लीच्या तोंडाकडे निघून गेले. मी आत येऊन पेपरांपुढे बसलो. लाल शाईची लेखणी हातात घेतली.

कुमुद विळी घेऊन दारातच थांबली होती. मग म्हणाली, "तेव्हाही तुम्हीच सांगितलं होतंत का हो? धार लावायला?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला कळलंच होतं. मी फक्त हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. पुढची त्रेचाळीस वर्षं ती माझ्याबरोबर राहिली, माझी पथ्यं सांभाळली, माझ्या आजारपणात उशाशी बसली, आणि मरेपर्यंत हा प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही.

"नाही," मी म्हणालो.

ती खाली बसली. विळी पायाखाली धरली, टोपलीतला दोडका घेतला आणि एक फोड कापली.

"छान लावलीय हो धार त्यांनी," ती म्हणाली.